नाशिकच्या बॅरिएट्रिक सर्जन मंडळींना: दुसऱ्या वर्षी आमच्या डोक्याचं कोण बघणार?

प्रति,
नाशिकमध्ये वजन कमी करायचं ऑपरेशन करणारे सगळे डॉक्टर, आणि त्यांच्या टीममधल्या डाएटिशियन मॅडम, कोऑर्डिनेटर, सिस्टर, सगळेच

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका हॉस्पिटलबद्दल नाहीये, त्यामुळे नाव शोधत बसू नका. मी इंदिरानगरला राहते, घरून डबे देते, दुपारचे अंबड-सातपूरच्या कंपन्यांमधल्या पोरांचे आणि रात्रीचे हॉस्टेलच्या पोरींचे. काही वर्षांपूर्वी माझं स्लीव्हचं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून पोट लहान करायचं, ऑपरेशन झालंय. शुगरच्या गोळ्या सुटल्या, गुडघे परत माझे झाले, पांडवलेणीच्या पायऱ्या चढते, त्यामुळे ऑपरेशन वाईट असं मी म्हणतेय असं कोणी पसरवू नका. तुमच्या हाताला यश आहे, त्याबद्दल वादच नाही. मला बोलायचंय ते फाईलमधल्या एका कागदाबद्दल, ऑपरेशनला मनाने फिट आहे असं सायकॉलॉजिस्ट लिहून देतात त्या फिटनेसबद्दल.

तो कागद कसा मिळतो ते तुम्हाला माहितीच आहे. ऑपरेशनच्या आधी एकदा पाठवतात, अर्धाएक तास, झोप लागते का, रडू येतं का, दारू-तंबाखू काही आहे का, एक फॉर्म, सही, शिक्का, कागद फाईलला लागला की विषय संपला. आणि आम्ही पेशंट त्या खोलीत बसून काय करतो तेही सांगते, आम्ही सगळं छानछान सांगतो. विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए कंपनीचं अप्रूव्हल आलेलं असतं, नवऱ्याने रजा टाकलेली असते, माहेरून कोणीतरी यायची तयारी करून बसलेलं असतं, आणि समोरच्या मॅडम नको म्हणाल्या तर सगळंच अडणार, मग अशा वेळी कोण कबूल करणार हो की रात्री सगळे झोपले की मी किचनमध्ये उभ्याउभ्या चिवड्याचा डबा खाली करते? कोणीच नाही. मी ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोललेय त्यातलं कोणीच नाही.

आता पुढचं ऐका. (आकडे माझ्या लेकीचे आहेत, ती सायकॉलॉजीत एमए करतेय, पेपर ती वाचते आणि मला भाजी निवडताना ऐकवते. बोलणं माझं.) २०१६ साली जामा म्हणून जे मोठं मेडिकल जर्नल आहे त्यात आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून एक पेपर आला. त्यात निघालं की हे ऑपरेशन करायला येणाऱ्यांमध्ये डिप्रेशन साधारण १९ टक्के जणांना असतं आणि बिंज इटिंग, म्हणजे ताबा सुटून एका बैठकीत खूप खाल्लं जाणं, ते १७ टक्क्यांना. पण आधी हे असलं म्हणून नंतर वजन कमी उतरतं का, तर तसं काही एकसारखं दिसलं नाही. उलट बऱ्याच जणांचं डिप्रेशन नंतर हलकं झालं. वजन जिथे अडतं किंवा परत चढतं तिथे वेगळीच गोष्ट सापडते, ती म्हणजे ऑपरेशन झाल्यानंतर खाण्यावरचा ताबा सुटायला लागणं. म्हणजे तुमची तपासणी आधी, आमची अडचण नंतर, आणि त्या नंतरच्या वेळी खोलीत कोणी नसतंच.

माझंच उदाहरण घ्या. डब्याचा धंदा म्हणजे चव बघणं आलंच. आमटीत मीठ बघायचं, बटाटा शिजला का बघायचं, पहिल्या पोळीचा तुकडा मोडायचा, दाण्याचा कूट करताना मूठभर दाणे तोंडात. ऑपरेशनआधी हे कोणी मोजत नव्हतं कारण मी नंतर ताटावर बसून जेवायचेच दाबून. ऑपरेशननंतर ताटातलं एवढंसं झालं, थोडं वरण, दोन चमचे भात की बास, सासूबाई रोज म्हणायच्या अगं इतकंच, बघणाऱ्याला वाटायचं काय बाई कंट्रोल आहे हिचा, आणि पहाटेपासून डबे बाहेर पडेपर्यंत माझं तोंड मात्र चालूच असायचं, चमच्याचमच्याने. यात भूक कुठेच नव्हती. डबे वेळेत जातील का ही धास्ती, सिलेंडर संपत आलंय, कोणीतरी दोन महिन्यांचे पैसे थकवलेत आणि फोन उचलत नाही, तो सगळा राग त्या चमच्यावर निघायचा. याला ग्रेझिंग म्हणतात हे मला फार नंतर कळलं. पोटात जागाच नसल्यामुळे पूर्वीसारखं ताटभर रेटता येत नाही, मग ज्याला मन शांत करायला खाणं लागतं त्याचं खाणं या वाटेने जातं, थोडं थोडं, दिवसभर, आणि त्याला जेवण म्हणायचं असं डोक्यात येतच नाही.

त्यात आपल्याकडचे पदार्थ असे की विचारू नका. मटकीची उसळ आणि भाकरी खाल्ली तर चार घासांत छाती भरून येते, आणि तीच खारी चहात बुडवून खाल्ली तर अर्धं पाकीट कुठे गेलं कळत नाही, कुठेच अडत नाही, विरघळून खाली. आइस्क्रीम तसंच. मिसळीचा रस्सा नुसता पीत बसणारे एक काका मला माहितीयेत, पाव सोडला म्हणून खूश, वरची तर्री मात्र दोनदा मागवायचे.

फॉलोअपला डाएटिशियन मॅडमनी विचारलं नाश्त्याला काय, जेवायला काय, मी सांगितलं एक अंडं, वाटीभर वरण, पनीरचे दोन तुकडे, जे खरं होतं तेच. मग वजन कसं वाढलं, असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला अजून आठवतं. चोरी पकडल्यासारखं. खाण्याच्या आधी काय घडतं हे कोणीच विचारलं नाही. ते विचारलं शेवटी एका समुपदेशक ताईंनी, त्यांच्याकडे मी स्वतःच्या पैशाने गेले, आणि त्या म्हणाल्या काय खाल्लं ते लिहायचं नाही, फक्त चमचा तोंडात जायच्या आधी काय चाललं होतं तेवढंच लिहा. वहीत दोनच गोष्टी पानापानावर निघाल्या, डबे निघायची वेळ आणि उधारीचे फोन. आता चव बघायचं काम आमच्या मदतीच्या मावशी करतात आणि वसुलीचे फोन नवरा करतो. वजन काही जादूने उतरलं नाही, पण चढायचं थांबलं. यात मोठं मानसशास्त्र काही नव्हतं, विचारणारं कोणीतरी पाहिजे होतं आणि ते पण योग्य वेळी.

योग्य वेळ म्हणजे कधी, तर दुसरं वर्ष आणि त्याच्या पुढे. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशनवाल्या लोकांचा एक मोठा अभ्यास चाललाय, एसओएस म्हणतात त्याला. त्यात बायपासवाल्यांचं (हृदयाचा नाही, पोटाचा बायपास, जठर लहान करून अन्नाची वाट वळवतात तो) वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी ते २५ टक्क्यांवर आलं होतं. २५ टक्के म्हणजे पण भरपूर आहे, हे मी मुद्दाम सांगतेय, कारण थोडं वजन परत येणं हे बऱ्याच जणांचं होतं आणि त्यात शरीराचा हात असतो, हॉर्मोन आहेत, शरीर स्वतःचं जुनं वजन सहज सोडत नाही, सगळं काही आमच्या मनाच्या कमजोरीवर ढकलू नका. पण त्याच अभ्यासात लोकांना बरं वाटण्याचं, म्हणजे मूड, चारचौघांत मिसळणं वगैरे, तेही बघितलं होतं आणि ते पहिल्या वर्षी सगळ्यात वर गेलं, मग पुढची काही वर्षं हळूहळू उतरत गेलं, आणि साधारण सहा वर्षांनी एका जागी थांबलं, तरी ऑपरेशनच्या आधीपेक्षा बरंच. हा जो मधला उतार आहे ना, तिथे आम्ही एकटे असतो. बाळंतिणीकडे पहिले बारा दिवस रीघ असते आणि मग एकेक जण पांगतो, तसंच आहे हे, पहिल्या सहा महिन्यांत तुमचा व्हॉट्सअॅप ग्रुप, कोऑर्डिनेटरचे फोन, प्रोटीन पावडर घेतली का, आणि दीड वर्षाने कोणी ओळखत नाही.

बरं, आम्ही येत नाही म्हणून तुम्ही तक्रार करता, पेशंट फॉलोअप सोडतात म्हणून. का सोडतात ते ऐका. तुमच्या ओपीडीत पहिली वस्तू काय, तर वजनकाटा, तो पण बाहेर, सगळ्यांसमोर, आणि सिस्टर आकडा मोठ्याने सांगतात. वजन उतरत असताना त्या काट्यावर चढायला मजा येते, लोक पेढे घेऊन येतात. चार किलो वाढले की पाय उचलत नाही. मग माणूस म्हणतो आधी थोडं कमी करतो आणि मग दाखवायला जातो, आणि मग ते थोडं कमी होतच नाही. म्हणजे ज्याला तुमची सगळ्यात जास्त गरज आहे तोच गायब, आणि तुम्हाला दिसतात ते सगळे छान झालेले, मग तुम्ही सेमिनारमध्ये आमचे आधीचे-नंतरचे फोटो लावता आणि तुम्हाला खरंच वाटतं सगळ्यांचं असंच होतं. मुद्दाम करता असं नाही म्हणत मी.

आणखी एक भानगड म्हणजे लपवाछपवी. आपल्याकडे ऑपरेशन करून बारीक झाली म्हणजे फुकटची झाली. त्यामुळे निम्मे लोक सांगतच नाहीत, थायरॉइडची गोळी बदलली, डाएट करतेय, सकाळी गोल्फ क्लबवर चालायला जाते, असं काहीतरी. मग लग्नात-मुंजीत आग्रह होतो तेव्हा कारण सांगता येत नाही, अधिक महिन्यात जावयाला धोंडे वाढतात आणि जावईबुवांची स्लीव्ह झालीय हे सासरी माहितीच नाही, नको म्हणायची सोय नाही, खाल्लं तर घाम फुटून चक्कर. आणि वजन परत वाढायला लागलं तर कोणाला सांगणार, ज्या गोष्टीबद्दल कोणाला सांगितलंच नाही ती फसतेय म्हणून?

शरीराचं तर विचारूच नका. कपडे दोन साईज कमी झाले तरी मी रिक्षात कोपऱ्यात सरकून बसायचे, आरशात जुनीच बाई. लटकलेल्या कातडीमुळे काही जणींना आधीपेक्षा जास्त लाज वाटायला लागते, याची कोणी कल्पनाच दिलेली नसते. घरात पण सगळं बदलतं. स्वीडनमध्येच बघितलंय की ऑपरेशननंतर जोडपी वेगळी होण्याचं प्रमाण वाढतं आणि एकटे असलेल्यांची लग्नं जमण्याचं पण वाढतं, दोन्ही. पोरीचं लग्न जमावं म्हणून ऑपरेशन करायला आणणारे आईबाप तुमच्याकडे येत असणारच, त्यांना एकदा बाजूला बसवून विचारा की वजन उतरूनही जमलं नाही तर या पोरीशी तुम्ही घरात कसं वागणार आहात.

दारूबद्दल मात्र जोर देऊन सांगते, कारण हे नाशिक आहे. द्राक्षाचा मळा, वायनरी, वीकेंडला गंगापूर धरणाच्या बाजूला गाड्यांची रांग, आणि वाईन म्हणजे काही दारू नाही असं समजणारी अर्धी जनता. बायपासनंतर दारू लवकर रक्तात उतरते, कमी पिऊन जास्त चढते. अमेरिकेत लॅब्स-२ नावाच्या अभ्यासात, तो २०१२ ला छापून आला, दारूचा त्रास असणारे ऑपरेशनआधी ७.६ टक्के होते, पहिल्या वर्षी फार फरक नाही, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के. परत तेच दुसरं वर्ष बघा. ज्याचा ताण आधी खाण्यावर निघत होता त्याला आता खाता येत नाही, आणि ग्लास मात्र सहज उतरतो. ऑपरेशनआधी विचारलंत दारू पिता का, तो नाही म्हणाला आणि ते खरंच होतं. दोन वर्षांनी परत विचारलंत का?

यापेक्षा जड गोष्ट एका वाक्यात सांगते कारण ती दाबून ठेवली जाते. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ८,८१५ पेशंटची नोंद बघितली, तर स्वतःला इजा करून इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण ऑपरेशननंतरच्या तीन वर्षांत आधीपेक्षा साधारण दीडपट झालं होतं. असे लोक एकूणात थोडे आहेत, घाबरवायला सांगत नाहीये, पण त्यातले बहुतेक आधीपासून मनाच्या आजाराचे पेशंट होते, म्हणजे कोणाकडे लक्ष ठेवायचं ते आधीच माहिती असू शकतं. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर बायपासनंतर त्या अंगाला पूर्वीइतक्या लागतीलच असं नाही, तर त्या लिहून देणाऱ्या सायकिअॅट्रिस्टला एक फोन तरी करा. आणि हे वाचणाऱ्या कोणाला स्वतःबद्दल असले विचार येत असतील तर टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, सरकारी, फुकट, मराठीत बोलता येतं, आत्ता लावा, पत्र नंतर वाचा.

एक शेवटची गोष्ट अमेरिकेतलीच. सॅन दिएगोमध्ये १९८० च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन कमी करायचा एक प्रोग्रॅम चालवायचे, ऑपरेशनचा नाही, आणि त्यांच्या लक्षात आलं की ज्यांचं वजन छान उतरतंय तेच लोक मध्येच सोडून जातायत. त्यांनी बसून एकेकाशी बोलायला सुरुवात केली तेव्हा कळलं की त्यातल्या खूप जणांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झालेले होते, आणि काहींसाठी वजन म्हणजे संरक्षण होतं, बारीक झालं की पुरुषांच्या नजरा परत वळतात आणि भीती परत येते. लेकीने हे वाचून दाखवलं तेव्हा माझ्या ओळखीतली एक जण डोळ्यासमोर आली, भराभर उतरली होती आणि अचानक परत खायला लागली, सगळे तिला आळशी म्हणत होते, मी तरी तेव्हापासून काही म्हणत नाही. हे असलं काही अर्ध्या तासाच्या फिटनेसमध्ये बाहेर येणार नाही हो, पहिल्या भेटीत तर नाहीच.

तर मला काय पाहिजे ते सांगते, फार खर्चाचं नाहीये. ऑपरेशनआधीची भेट ठेवा, पण पेशंटला स्पष्ट सांगा की इथे काहीही सांगितलंत तरी त्यासाठी ऑपरेशन रद्द करायचं कारण आम्ही शोधत नाहीये, तयारीसाठी विचारतोय, आणि खरंच तसंच वागा. मग पॅकेजमध्येच सायकॉलॉजिस्टच्या भेटी पुढच्या टाका, सहा महिने, एक वर्ष, दीड, दोन, वजन कितीही असो. पॅकेजमध्येच म्हणतेय कारण वेगळे पैसे म्हटलं की कोणी जाणार नाही. ऑपरेशनला इन्शुरन्स आहे, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) ४०, किंवा ३५ आणि सोबत मोठा आजार अशा अटी घालून का होईना मिळतो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनाच्या आजाराला पण शरीराच्या आजारासारखाच विमा पाहिजे असं लिहिलंय, पण घरी आल्यावर महिन्याला एकदा समुपदेशनाला जायचं तर ते बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. काटा आत न्या, दार लावून वजन घ्या. आकडा बोलायच्या आधी एक प्रश्न विचारा, गेल्या महिन्यात खाताना कधी असं वाटलं का की आता थांबता येत नाहीये, खाणं थोडंसंच असलं तरी? हा प्रश्न विचारायला कोणी तज्ज्ञ लागत नाही, सिस्टर पण विचारू शकतात. घरात जो स्वयंपाक करतो त्याला एकदा बोलवा, सासूबाईंना बोलवा, आमच्या सासूबाईंना डॉक्टरांनी एकदा समजावलं असतं तर रोजचं ते इतकंच का आमच्यात आलंच नसतं.

आणि एक मराठी ग्रुप सुरू करा, समोरासमोर बसायचा, ज्यांचं परत वाढलंय त्यांच्यासाठी सुद्धा, किंबहुना आधी त्यांच्यासाठी. यशस्वी पेशंटचा सत्कार वगैरे नको त्यात. आपल्या म्हसरूळला अख्ख्या महाराष्ट्राचं आरोग्य विद्यापीठ आहे, शहरात सायकॉलॉजी शिकणारी पोरं आहेत, तुमच्यापैकी चार सर्जननी मिळून एक सायकॉलॉजिस्ट ठेवला तरी चालेल, आपापसात कॉम्पिटिशन आहे ते कळतं मला, पण पेशंट एकाच गावचे आहेत.

जागा नसेल तर आमच्या सोसायटीचा हॉल आहे, सेक्रेटरींशी मी बोललेय, भाडं घेणार नाहीत म्हणाले. फक्त रविवार ठेवू नका, रविवारी माझ्या ऑर्डरी असतात. बुधवारी दुपारी तीन नंतर कधीही, आणि चहासोबत खारी-बटर ठेवायचं नाही एवढं बघा.

आपली,
इंदिरानगरची एक डबेवाली ताई